मणक्यावरचा हात आणि नोंदवहीतले नाव

ब्रिटनमध्ये 9 मे 2000 पासून एक गोष्ट फौजदारी गुन्हा आहे: जनरल ऑस्टिओपॅथिक कौन्सिलच्या नोंदवहीत नाव नसताना स्वतःला ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणवून घेणे. दारावर पाटी लावली, कार्ड छापले, जाहिरात दिली, तरी कायदा लागू होतो. ‘ऑस्टिओपॅथिक प्रॅक्टिशनर’, ‘ऑस्टिओपॅथिक फिजिशियन’, ‘ऑस्टिओथेरपिस्ट’ अशा पळवाटाही 1993च्या ऑस्टिओपॅथ्स अ‍ॅक्टच्या 32व्या कलमाने नावानिशी बंद केल्या आहेत. गुन्हा सिद्ध झाला तर दंड होतो.

तीच पाटी पुण्यात, ठाण्यात किंवा नागपुरात लावायची झाली, तर तपासायला अशी नोंदवहीच नाही. ऑस्टिओपॅथीसाठी भारतात स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. दुसरीकडे मान आणि पाठ कडकड वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ आता प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचले आहेत. ते बघून लोक शिबिरांना जातात, दूरच्या शहरात जाऊन भेटीची वेळ घेतात. पाठदुखीने महिनोन्‌महिने हैराण झालेला माणूस असे करतो यात मला काहीच वावगे वाटत नाही. ज्याची कमर धरली आहे त्याला बूट घालणेही परीक्षेसारखे वाटते, आणि आराम मिळेल असे कुणी म्हणाले की तो जाणारच. म्हणूनच हा उपचार काय आहे, तो करणाऱ्यावर लक्ष कुणाचे असते आणि त्या लक्ष ठेवण्याचा रुग्णाला नेमका काय उपयोग, हे नीट समजून घ्यायला हवे. नोंदवहीत नाव असणे आणि उपचार गुणकारी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एक मानल्या की रुग्ण फसतो, आणि पहिलीला क्षुल्लक मानले तरी फसतो.

आपल्याकडे कमरेत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावण्याची रीत होती. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या जागी पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत. मुरगळलेल्या घोट्यासाठी आणि निखळलेल्या खांद्यासाठी हाडवैद्य. विद्या घराण्यातून आलेली, बोटांत मुरलेली. त्यांच्यातले कित्येक हात खरोखर कसबी होते. पण मोडलेल्या हातावर कामट्या फार घट्ट बांधल्यामुळे रक्तपुरवठा तुटला आणि शेवटी हात कापावा लागला, अशा रुग्णांचे अनुभवही हाडांच्या डॉक्टरांच्या गाठीशी आहेत. तेव्हा अशा रुग्णाने जाब विचारायचा कुणाला, या प्रश्नाला उत्तर नव्हते.

इंग्लंडमध्येही हाडे बसवणारी अशीच घराणी होती. सर जेम्स पॅजेट हे तिथले मोठे शल्यविशारद. 1867 मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांपुढे हाडे बसवणारे जे रुग्ण बरे करतात त्यांच्यावर व्याख्यान दिले. या लोकांच्या चुका टाळा, पण त्यांच्याकडे चांगले आहे ते शिका, असा त्याचा रोख होता. वैद्यकीय व्यवसायाने मात्र तो सल्ला फारसा ऐकला नाही. हर्बर्ट बार्कर नावाचे हाडे बसवणारे गृहस्थ लंडनमध्ये फार प्रसिद्ध होते. त्यांच्या रुग्णांना भूल देण्याचे काम डॉ. फ्रेडरिक अ‍ॅक्सहॅम करत. पदवी नसलेल्या माणसाला मदत केली म्हणून 1911 मध्ये जनरल मेडिकल कौन्सिलने अ‍ॅक्सहॅम यांचे नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकले. 1922 मध्ये बार्कर ‘सर’ झाले. अ‍ॅक्सहॅम यांच्यावरचा हा अन्याय मला फार बोचतो. भूल देताना शिकलेला डॉक्टर खोलीत असणे रुग्णाच्या हिताचे होते, आणि त्याच डॉक्टरला शिक्षा झाली. त्या काळातली नोंदवही व्यवसायाचे कुंपण राखत होती; रुग्ण तिच्या हिशेबात नंतर येत होता.

ऑस्टिओपॅथीचा जन्म मात्र अमेरिकेतला. अँड्र्यू टेलर स्टिल यांचा जन्म 1828चा, व्हर्जिनियातला. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि वैद्यही. अमेरिकेच्या यादवी युद्धात स्टिल उत्तरेच्या बाजूने होते. 1864 मध्ये मेंदूज्वराच्या साथीत त्यांच्या घरातली तीन मुले गेली. त्या काळच्या डॉक्टरकडे होते काय? पाऱ्यापासून केलेले कॅलोमेल, अफू, दारू, जुलाब. स्वतः वैद्यकी करणाऱ्या बापाला आपल्या मुलांसाठी काहीच करता आले नाही. त्या औषधांवरचा त्यांचा विश्वास कायमचा उडाला आणि शरीराची रचना हीच किल्ली आहे, असे त्यांना वाटू लागले. हाडांचा अभ्यास करण्यासाठी त्यांनी मूळ रहिवाशांच्या थडग्यांतून सांगाडे उकरून काढले. या विद्येच्या उगमाशी असलेला हा भाग झाकून ठेवू नये.

22 जून 1874 हा ऑस्टिओपॅथीचा जन्मदिवस, असे स्टिल स्वतः सांगत. हाडे आणि सांधे जागचे हलले की रक्तप्रवाह अडतो, तो अडला की रोग होतो, आणि हातांनी तो अडथळा दूर केला की शरीर स्वतःच बरे होते, हा त्यांचा सिद्धांत. काही काळ ते ‘विजेच्या वेगाने हाडे बसवणारा’ अशी जाहिरात करत गावोगाव फिरले. 1892 मध्ये मिझूरी राज्यातल्या कर्क्सव्हिल या लहानशा गावात त्यांनी पहिली शाळा काढली आणि तिच्या पहिल्याच वर्गात स्त्रियांनाही प्रवेश दिला. आगगाड्या भरून रुग्ण कर्क्सव्हिलला येऊ लागले. सिद्धांत म्हणून स्टिल यांचे म्हणणे टिकले नाही. जंतू, लसी, प्रतिजैविके यांनी रोगांची कारणे आणि उपाय दुसरीकडे दाखवले. पण त्या काळात कर्क्सव्हिलला गेलेल्या रुग्णाच्या पोटात पारा गेला नाही, कुणीतरी त्याच्या अंगाला काळजीपूर्वक हात लावला, त्याचे ऐकून घेतले. एवढ्यानेही बऱ्याच जणांचे भले झाले असणार.

अमेरिकेत ही विद्या पुढे वेगळ्याच वाटेने गेली. 1896 मध्ये व्हरमाँटने पहिला परवाना-कायदा केला. 1901 मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे मार्क ट्वेन तिची बाजू मांडायला उभे राहिले. आपले शरीर कुणाच्या हाती सोपवायचे हे माणसाने स्वतः ठरवावे, असा त्यांचा मुद्दा होता. हळूहळू ऑस्टिओपॅथीच्या महाविद्यालयांनी औषधशास्त्र, शस्त्रक्रिया, सगळे वैद्यकच अभ्यासक्रमात घेतले. 1962 मध्ये कॅलिफोर्नियाने तर 65 डॉलर भरून ‘डी.ओ.’ या ऑस्टिओपॅथीच्या पदवीच्या जागी ‘एम.डी.’ घेण्याची सोय केली आणि सुमारे 2000 जणांनी ती घेतली. आज अमेरिकेतला ‘डी.ओ.’ हा पुरता डॉक्टर आहे: शस्त्रक्रिया करतो, औषधे लिहितो, अतिदक्षता विभाग चालवतो. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक याच महाविद्यालयांत शिकतात. न्यू जर्सीत किंवा टेक्ससमध्ये मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना फॅमिली डॉक्टरच्या नावापुढे ही दोन अक्षरे दिसली, तर घाबरायचे कारण नाही. लंडनमधला ऑस्टिओपॅथ मात्र डॉक्टर नसतो. तो औषध लिहून देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. त्याचे साधन म्हणजे हात, आणि विद्यापीठात चार-पाच वर्षे घेतलेले शिक्षण.

लंडनच्या हॅरो भागात राहणाऱ्या माझ्या परिचयातल्या एका बाई गेल्या वर्षी अशा ऑस्टिओपॅथकडे गेल्या. दिवसभर लॅपटॉपसमोर बसण्याची नोकरी, त्यात लहान मुलाला उचलणे. कमर धरली ती सुटेना. आधी त्यांना वाटले होते की गेल्या गेल्या पालथे झोपवून कडकड करतील. प्रत्यक्षात पहिली पंचवीस-तीस मिनिटे फक्त प्रश्न झाले. कधीपासून दुखते, रात्री झोपेतून जाग येते का, वजन उतरले आहे का, कधी कर्करोग झाला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या किती दिवस घेतल्या, पायात मुंग्या येतात का, लघवीवरचा ताबा गेला आहे का, बसताना जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आहे का. शेवटचे दोन प्रश्न बाईंना विचित्र वाटले. ते सर्वांत महत्त्वाचे असतात. कण्याच्या खालच्या टोकाच्या नसांचा झुबका दाबला गेला तर ही लक्षणे दिसतात, आणि तेव्हा कुणाच्याही हातांची नाही, तातडीने रुग्णालयाची गरज असते. चांगल्या ऑस्टिओपॅथचे अर्धे कौशल्य कुणाला हात लावायचा नाही हे ओळखण्यात आहे.

मग उभे करून पाहणे, पुढे-मागे वाकवणे, पाय सरळ वर उचलून बघणे, गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया तपासणे. नंतर बोटांनी चाचपणे: कुठे दुखते, स्नायू कुठे ताठलेला आहे, कुठला सांधा कमी हलतो. या चाचपण्याला ऑस्टिओपॅथीत फार मान आहे. पण एकाच पाठीवर दोन जाणकारांनी हात फिरवले तर दोघांचे निदान जुळेलच असे नाही, हे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. त्यानंतर काय करणार, त्यात धोका काय, दुसरे पर्याय कोणते, हे सांगून संमती घ्यायची. 2015 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्यात स्पष्ट केले की रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला धोका त्याला सांगितलाच पाहिजे. तेव्हापासून ही पायरी आणखी काटेकोर झाली आहे.

उपचाराच्या तऱ्हा अनेक. स्नायू दाबणे, ताणणे, सांधा हळूहळू लयीत हलवणे. रुग्णाला स्वतःचा स्नायू थोपवून धरायला लावायचा आणि तो सैल पडला की सांधा थोडा पुढे न्यायचा, अशी एक पद्धत. आणि ज्याचे व्हिडिओ सगळे बघतात तो झटका: अगदी थोड्या अंतराचा, पण फार वेगाचा. त्यातून ‘कट्‌’ असा आवाज येतो.

हा आवाज म्हणजे हाड जागेवर बसल्याची खूण, असे आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकाला वाटते. तसे नाही. सांध्याच्या पिशवीत एक द्रव असतो. दोन पृष्ठभाग झटकन दूर झाले की आतला दाब घटतो आणि विरघळलेला वायू एकदम पोकळी करतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने 2015 मध्ये एमआरआय यंत्रात बोट ओढून ती पोकळी तयार होताना टिपली. एकदा वाजलेला सांधा पुढची वीसेक मिनिटे पुन्हा वाजत नाही, कारण वायू परत विरघळायला तेवढा वेळ लागतो. ‘मणका सरकला होता तो बसवला’, ‘गॅप भरून काढला’ ही वाक्ये रुग्णाला धीर देतात आणि त्याचबरोबर भीतीही घालतात, कारण जो मणका सरकतो तो पुन्हा सरकेल या धास्तीने माणूस वाकायचाच थांबतो. पाठीला त्याहून वाईट काही नाही. हॅरोच्या बाईंना अनेक वर्षांपूर्वी सुट्टीत घरी आल्या असताना कुणीतरी ‘मणक्यात गॅप आहे’ म्हणून सांगितले होते, आणि तेव्हापासून त्या जड पिशवी उचलायला घाबरत होत्या. लंडनच्या ऑस्टिओपॅथने त्यांच्यासाठी केलेले सर्वांत मोलाचे काम म्हणजे तो शब्द डोक्यातून काढून टाकणे, असे माझे मत आहे. मग व्यायाम शिकवले, चालायला सांगितले.

झटक्याने आराम मिळतो तो बहुधा मज्जासंस्थेच्या वाटेने: वेदनेचे संदेश काही काळ मंदावतात, ताठलेले स्नायू सैल होतात, आणि आपल्याकडे कुणी लक्ष दिले याचाही परिणाम होतो. शिवाय अचानक उद्भवलेली बहुतेक पाठदुखी काही आठवड्यांत आपोआप कमी होते, आणि उपचार त्याच काळात झालेला असतो.

पुरावा काय सांगतो? ब्रिटनमध्ये 1334 रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2004 मध्ये आले. मणक्यांची हाताळणी आणि त्यानंतर व्यायाम यांनी तीन महिन्यांनी मध्यम आणि वर्षाअखेर थोडा फायदा दिसला. फ्रान्समधली 2021 साली प्रसिद्ध झालेली चाचणी अधिक कठोर होती. जुनाट पाठदुखीच्या 400 जणांपैकी निम्म्यांना खरा ऑस्टिओपॅथिक उपचार, निम्म्यांना नुसता हलका स्पर्श. दैनंदिन हालचालींतल्या अडचणी मोजणाऱ्या 100 गुणांच्या मापावर तीन महिन्यांनी खऱ्या उपचाराच्या गटात 4.7 गुणांची घट झाली, नुसत्या स्पर्शाच्या गटात 1.3ची. फरक होता, पण रुग्णाच्या रोजच्या जगण्यात जाणवेल असा तो नसावा, असे संशोधकांनीच लिहिले. 2016च्या ब्रिटिश मार्गदर्शक तत्त्वांत म्हणूनच हातांच्या उपचाराला जागा आहे, पण व्यायामाच्या जोडीनेच. एकट्याने नाही.

पाठदुखीपलीकडे गेले की जमीन आणखी भुसभुशीत होते. विल्यम सदरलँड या स्टिल यांच्या विद्यार्थ्याने कवटीची हाडे लयीत हलतात आणि ती लय बोटांना कळते, असे मांडले. त्यावरून ‘क्रेनियल’ शाखा निघाली आणि तान्ह्या बाळांच्या डोक्याला हात लावून पोटदुखी, रडणे, झोप न लागणे यांवर उपचार होऊ लागले. त्याला भक्कम पुरावा नाही. रात्र रात्र रडणाऱ्या बाळाची आई काहीही करायला तयार असते, म्हणून इथे दाव्यांवर लगाम सर्वांत जास्त हवा.

नोंदवहीपर्यंतचा ब्रिटनचा प्रवास लांबचा होता. जॉन मार्टिन लिटलजॉन या स्कॉटिश माणसाने 1917 मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश स्कूल ऑफ ऑस्टिओपॅथी स्थापली. 1935 मध्ये कायद्यासाठी विधेयक हाउस ऑफ लॉर्ड्सच्या समितीपुढे आले. तिथे लिटलजॉन यांची उलटतपासणी झाली, त्यांच्या पदव्यांवर प्रश्न उभे राहिले आणि समितीने शाळेविषयी इतके कडक शब्द वापरले की विधेयक मागे घ्यावे लागले. पुढच्या वर्षी ऐच्छिक नोंदवही सुरू झाली. ज्याला वाटेल त्याने नाव घालावे, नाही घातले तरी पाटी लावता येतेच, अशी. ती अर्धवट व्यवस्था साठ वर्षे चालली. मधल्या काळात 1963च्या प्रोफ्यूमो या राजकीय घोटाळ्यातला स्टीफन वॉर्ड हा ऑस्टिओपॅथ होता म्हणून हा शब्द वर्तमानपत्रांत भलत्याच कारणाने गाजला.

वळण आले ते न्यायाधीश सर टॉमस बिंगम यांच्या अध्यक्षतेखालच्या, किंग्ज फंड या आरोग्यविषयक संस्थेच्या गटामुळे. या गटाने 1991च्या अहवालात कायद्याची रूपरेषा दिली. माल्कम मॉस या खासदाराने खासगी विधेयक आणले आणि 1 जुलै 1993 रोजी त्याला राजमान्यता मिळाली. 1998 मध्ये नोंदवही उघडली. जुन्या व्यावसायिकांना कामाचा पुरावा देऊन आत येण्यासाठी दोन वर्षे मिळाली. मग दार बंद झाले. आज नोंदवहीत पाच हजारांहून अधिक नावे आहेत आणि ती कुणालाही बघता येतात. 2017 मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने ऑस्टिओपॅथांना संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत घेतले, तरी बहुतेक रुग्ण खिशातूनच पैसे देतात.

नोंदवहीत शिरायला मान्यताप्राप्त पदवी लागते, नुकसानभरपाईचा विमा लागतो. दर तीन वर्षांत 90 तास नवे शिक्षण, त्यातले निम्मे इतरांबरोबर, कारण एकट्याच्या दवाखान्यात माणूस आपल्याच सवयींत अडकतो. परिषदेत निम्मे सदस्य ऑस्टिओपॅथ नसलेले असतात. तक्रार आली तर आधी छाननी, मग तपास समिती, आणि तिला तथ्य वाटले तर व्यावसायिक वर्तन समितीपुढे बहुधा जाहीर सुनावणी. शिक्षा चार पायऱ्यांची: ताकीद, अटी, निलंबन, नाव कमी करणे. निकाल प्रसिद्ध होतात. परिषदेवरही आणखी एक प्राधिकरण देखरेख ठेवते आणि निकाल फार सौम्य वाटला तर न्यायालयात जाऊ शकते. अतिरेक दुसऱ्या बाजूनेही होऊ नये म्हणून 2012 मध्ये उच्च न्यायालयाने सांगितले की प्रत्येक त्रुटी म्हणजे गैरवर्तन नव्हे; सामान्य माणसाला ती निंद्य वाटण्याइतकी गंभीर असायला हवी.

या कायद्यातली उणीव मात्र मोठी आहे. तो नावाला संरक्षण देतो, कृतीला नाही. ‘ऑस्टिओपॅथ’ न म्हणवता मान झटकायला ब्रिटनमध्ये कुणालाही मोकळीक आहे. फ्रान्सने उलट केले. 2002 मध्ये उपाधी मान्य केली आणि 2007च्या आदेशाने मानेच्या हाताळणीला आणि सहा महिन्यांखालच्या बाळाच्या डोक्या-कण्याच्या हाताळणीला डॉक्टरच्या प्रमाणपत्राची अट घातली. मानेच्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रोहिणी फाटून पक्षाघात होणे दुर्मीळ आहे, पण झाले तर आयुष्य उद्ध्वस्त होते. ज्या उपचाराचा फायदा मध्यम आहे त्याच्यासाठी एवढा धोका न सांगता घ्यायला लावणे मला अक्षम्य वाटते.

महाराष्ट्रात आज ‘ऑस्टिओपॅथ’ म्हणवणाऱ्यांत कुणी फिजिओथेरपीची पदवी घेऊन पुढचा अभ्यास केलेला असतो, कुणी थोड्या दिवसांच्या वर्गाचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला. पहिल्याची नोंद राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेत तपासता येते, म्हणून नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात संकोच कसला? दुसऱ्याच्या बाबतीत रुग्णाच्या हाती फारसे काही नाही. 1961चा महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम नोंदणीविना वैद्यकी करण्याला गुन्हा मानतो, पण पाठ दाबणे कुठे संपते आणि वैद्यकी कुठे सुरू होते, हे सिद्ध करत बसावे लागते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेबद्दल ग्राहक आयोगाकडे जाता येते, पण तिथे माणूस पोचतो तो इजा झाल्यानंतर.

2021 मध्ये संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्टसह अनेक व्यवसाय त्याच्या अनुसूचीत आहेत आणि अनुसूचीत बदल करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. ऑस्टिओपॅथीला आत घ्यायचे तर शिक्षणाचे माप जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये देऊन ठेवले आहे: नव्याने शिकणाऱ्यासाठी 4200 तास, त्यांतले किमान 1000 देखरेखीखाली रुग्णांसोबत. उपाधी आणि तक्रारनिवारण ब्रिटनसारखे, निम्मे सदस्य व्यवसायाबाहेरचे. मानेचा झटका आणि तान्ही बाळे मात्र फ्रान्ससारखी कृतीनेच बांधावीत, पाटीवर काहीही लिहिलेले असो.